मास्तरांचा अर्ज आणि सूनबाईचं टेबल

आपल्याच सुनेला अर्ज द्यायला मास्तर नगरपालिकेत गेले, ते इस्त्रीचा शर्ट घालून आणि रांगेत उभे राहून. घरी न्याहारीच्या टेबलावर ती रोज त्यांच्या समोर बसायची. कागद तिथेच पुढे सरकवला असता तर रांग वाचली असती. पण तोही प्रयोग करून झाला होता, आणि सूनबाईने कागद न वाचता साखरेच्या डब्याखालून परत त्यांच्याकडे ढकलला होता.

"मास्तर, ऑफिसचं ऑफिसात. खिडकी नंबर दोन."

"अगं, खिडकीमागे तूच बसणार ना?"

"हो. पण तिथे मी पोच देते. इथे फक्त चहा देते."

मास्तरांनी उभ्या गावाला पोहायला शिकवलं होतं. नगराध्यक्षापासून फुलवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी कधी ना कधी मानगूट धरून खोल पाण्यात सोडलं होतं. निवृत्त झाल्यावरही ते रोज सकाळी तलावावर जायचे, स्वतः पोहायचे आणि न विचारता चार जणांचे हात सुधारायचे. एका सकाळी तलावाच्या फाटकाला कुलूप दिसलं आणि वर पाटी, 'सुरक्षेच्या कारणास्तव बंद'. कसलं कारण, कुणी सांगेना. रखवालदार म्हणाला, वरून आदेश आहे. मास्तर म्हणाले, वर तर गच्ची आहे, तिथे कोण बसतं? उन्हाळा आला नि गेला. कुलूप गंजलं. तलावावरची पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळायला लागली. मास्तर दिवसभर घरात येरझाऱ्या घालून सगळ्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटायला लागले.

शेवटी धाकट्या लेकीने त्यांना अर्ज लिहून दिला. ती पेपरात नोकरीला, खेळाचं पान सांभाळायची, आणि तिचा माहितीच्या कायद्यावर फार जीव. नगरपालिकेकडे जी माहिती आहे ती लोकांचीच आहे, मागणाऱ्याने का मागतोय हेसुद्धा सांगायची गरज नाही, हे तिने मास्तरांना इतक्यांदा ऐकवलं की ते आता दूधवाल्यालाही ऐकवायचे. अर्जात तिने तीनच गोष्टी मागितल्या: तलाव कुणाच्या आदेशाने बंद झाला, तपासणीत काय आढळलं, आणि तक्रार कुणी केली असेल तर ती तक्रार. सूनबाई नगरपालिकेची माहिती अधिकारी. असे अर्ज घ्यायचे, माहिती शोधायची आणि मुदतीत द्यायची, हेच तिचं काम.

त्या दिवसापासून घराचे दोन पक्ष झाले. मास्तर आणि धाकटी एका बाजूला. सूनबाई एकटी दुसऱ्या बाजूला. तिचा नवरा, म्हणजे थोरला, लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यातला. तो नेहमीप्रमाणे दोन मजल्यांच्या मध्ये अडकून बसला होता. आणि माई, म्हणजे मास्तरांची बायको, कुणाच्याच बाजूने नव्हत्या. एरवी घरात भाजीला फोडणी कमी पडली तरी मत देणाऱ्या माई तलावाचा विषय निघाला की मूग गिळून बसायच्या. सूनबाईला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. पण तिला वाटलं, बिचाऱ्या कंटाळल्या असतील.

मास्तर मात्र नियमाला पक्के. अर्ज दिल्यावर त्यांनी घरात तलावाचा 'त'सुद्धा काढला नाही. उलट सुनेशी सरकारी भाषेत बोलायला लागले.

"टेबलावर मीठ उपलब्ध आहे का? की त्यालाही अर्ज करू?"

"उपलब्ध आहे, मास्तर. हात लांब करा."

"मुदतीत उत्तर मिळाल्याबद्दल आभारी आहे."

तो खेळ सूनबाईलाही आवडायला लागला होता. काल दुपारपर्यंत.

काल दुपारी दफ्तरीने, म्हणजे जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या माणसाने, तलावाची फाइल तिच्या टेबलावर आणून ठेवली आणि तक्रार विभागातून मिळालेलं रेकॉर्डिंगही. तक्रार फोनवर झाली होती, आणि तक्रारीच्या नंबरवर येणारा प्रत्येक फोन आपोआप रेकॉर्ड होतो. सूनबाईने कानाला हेडफोन लावला. एकदा ऐकलं. हेडफोन काढला, घोटभर पाणी प्यायली आणि पुन्हा ऐकलं. मग तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"काय झालं मॅडम?" दफ्तरीने विचारलं. भला माणूस होता. "अडचणीचं आहे का? मग 'सापडत नाही' म्हणून लिहू या की. पूर्वी सगळे तेच लिहायचे. कुणाचं काय बिघडलं?"

सूनबाईने फाइल मिटली. या खुर्चीत बसल्यापासून तिने ते दोन शब्द एकदाही लिहिले नव्हते, आणि त्याचा तिला गर्व होता. गावातली माणसं खिडकी नंबर दोनपाशी निर्धास्त यायची, कारण इथे टोलवाटोलवी होत नाही हे त्यांना माहीत झालं होतं. ती खुर्ची तिने अशी कमावली होती. आणि आता एक वाक्य लिहिलं की घर वाचत होतं.

*

आज सकाळी, मास्तर न्हाणीघरात असताना, तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. माई अंडी उकडत होत्या. आज अकरा वाजता मास्तर कागद पाहायला आणि रेकॉर्डिंग ऐकायला ऑफिसात येणार होते.

"माई, काल मी एक आवाज ऐकला."

"कुणाचा गं?"

"ते तुम्ही सांगा. एक बाई नाकात बोलत होत्या. तलावाच्या खोल बाजूची शिडी हलते म्हणत होत्या."

माईंनी गॅस बारीक केला. मग मोठा केला. मग पुन्हा बारीक केला.

"हलत असेल शिडी."

"माई."

"गावात नाकात बोलणाऱ्या बायका काय कमी आहेत?"

"फोन ठेवताना 'ठेवू का, ठेवू ना, ठेवते हं' असं तीनदा विचारणारी एकच आहे."

माईंनी हातातला डाव खाली ठेवला आणि पदराने कपाळ पुसलं. तोंडावरचा सगळा आव एका क्षणात गळून पडला.

"रुमाल धरला होता गं मी तोंडावर," त्या म्हणाल्या. "आणि मला काय ठाऊक, एका फोनवर एवढा मोठा तलाव बंद करतील? गल्लीतल्या दिव्यासाठी मी वर्षभर फोन करतेय, एक माणूस कधी फिरकला नाही. मला वाटलं, केलाच तर आठ-पंधरा दिवस बंद करतील. तेवढ्यात मी ह्यांच्याकडून काढून घेईन."

"काय काढून घ्याल?"

"डॉक्टर काय म्हणाले ते!"

आणि मग माईंचं भरलेलं मन मोकळं झालं. मागल्या थंडीत मास्तर एक दिवस तलावावरून आले ते भिंतीला धरून. ओठ निळे, कपाळावर घाम. पायरीवर बसून राहिले. माईंनी विचारलं तर म्हणे, पोहणाऱ्याला दम लागतोच. दोन दिवसांनी गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आले. माईंना शर्टाच्या खिशात औषधाच्या दुकानाची पिशवी सापडली, गोळ्या सापडल्या नाहीत. विचारलं तर म्हणाले, डॉक्टर म्हणाला घोड्यासारखा धडधाकट आहेस.

"मी एकदा विचारलं, दहादा विचारलं. चिडून विचारलं, लाडीगोडीने विचारलं. शेवटी मी स्वतः डॉक्टरकडे गेले. तर डॉक्टर म्हणतात, पेशंटची माहिती मी पेशंटला विचारल्याशिवाय देऊ शकत नाही. मी म्हटलं, मी बायको आहे. ते म्हणाले, मग तर त्यांनाच विचारा." माईंचे डोळे भरून आले. "चाळीस वर्षं संसार केला, आणि या माणसाच्या छातीत काय चाललंय ते मला सांगायला जगात कुणी बांधील नाही. मग मी काय करणार? पाणीच बंद केलं."

सूनबाईला एकाच वेळी हसूही आलं आणि रडूही. तिने माईंचा हात हातात घेतला.

"माई, आता मी ऑफिसमधल्यासारखी विचारते. माहिती दुसऱ्या कुणाच्या अंगाशी येणार असेल तर देण्याआधी त्या माणसाला विचारायचं असतं, त्याची हरकत आहे का. फोन करणारीने नाव सांगितलं नाही, म्हणून कागदावर विचारायला कुणी नाही. पण मला माहीत आहे. म्हणून विचारते. तुमची हरकत आहे?"

"हरकत घेतली तर?"

"तर मी विचार करीन. तक्रार करणाऱ्याच्या जिवाला धोका असेल तर ओळख लपवता येते."

"आहे ना धोका! ते ओरडून ओरडून माझा जीव घेतील."

"तसला धोका चालत नाही."

"आणि ते रेकॉर्डिंग हरवू शकतं का गं?"

"शकतं," सूनबाई म्हणाली. "एक ओळ लिहायची, की हरवलं. पण माई, मग मास्तर तो दोष तलावाशेजारच्या जिमवाल्याच्या माथी मारणार. आधीच मारलाय. गेल्या आठवड्यात त्याने नमस्कार केला तर मास्तरांनी तोंड फिरवलं. म्हणाले, तलाव बंद करून स्वतःची व्यायामशाळा भरतोय. त्या बिचाऱ्याने काय केलंय?"

 अंडी पातेल्यात टणटण वाजत राहिली.

"आणि आणखी एक सांगायचं होतं," सूनबाई म्हणाली. "तुम्ही रुमाल धरलात तो ठीक आहे, पण त्या रेकॉर्डिंगमध्ये नुसता तुमचाच—"

"अगं, माझे काळे मोजे कुठे आहेत?" बाहेरून मास्तर गरजले. चाळीस वर्षं पाण्याच्या गोंगाटावर आवाज चढवून बोललेला माणूस, त्यांना हळू बोलणं माहीतच नव्हतं. "आज मी अर्जदार आहे! अनवाणी जाऊ का?"

"खणात!" माई तितक्याच जोरात ओरडल्या. या घराला कुजबुज जमत नसे, आणि जमत नाही हेही घराला कधी कळलं नव्हतं.

मास्तर आत आले. सूनबाईला पर्स उचलावी लागली. दारातून तिने वळून पाहिलं. माई अंडी सोलत होत्या, मान वर केली नाही. हरकत आहे की नाही, ते राहूनच गेलं.

*

अकराच्या आधीच मास्तर खिडकी नंबर दोनसमोर हजर होते. पण एकटे नव्हते. शेजारी धाकटी, गळ्यात पेपरचं ओळखपत्र. मागे थोरला, कामावरून परस्पर आलेला, पँटच्या खिशातून स्क्रू ड्रायव्हर डोकावतोय. आणि सगळ्यांच्या मागे हातात पर्स घट्ट धरून माई.

सूनबाईने खिडकीतून मान बाहेर काढली.

"माई, तुम्ही कशाला दगदग केलीत?"

"त्यांचं अडलंय ना काम. आपलं माणूस नको बरोबर?" माई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळेना.

माहिती बघायला येणाऱ्यांसाठी आतली खोली होती. एक लांब टेबल, सहा खुर्च्या, करकरणारा पंखा. दफ्तरीने सगळ्यांना बसवलं, रजिस्टरवर मास्तरांची सही घेतली आणि फाइल पुढे ठेवली. मास्तरांनी चष्मा पुसला. सुनेकडे पाहून ते अगदी परक्यासारखे म्हणाले, "धन्यवाद, मॅडम."

फाइल पातळ होती. धाकटी वाचत गेली आणि तिचे डोळे मोठे होत गेले.

"मास्तर, ऐका. तक्रार आल्यावर सुरक्षा विभागाने तलाव बंद केला. तिसऱ्या दिवशी इंजिनिअरने येऊन तपासला. लिहिलंय, 'शिडी मजबूत आहे. कोणताही दोष आढळला नाही. तलाव सुरू करण्यास हरकत नाही.'"

"मग?"

"मग काही नाही. फाइल संपली."

"संपली म्हणजे? सुरू कुणी करायचा?"

सूनबाईने घसा साफ केला. "बंद करायचा अधिकार सुरक्षा विभागाचा आहे. सुरू करायचा क्रीडा विभागाचा. सुरक्षावाल्यांना वाटलं, क्रीडावाले विचारतील. क्रीडावाल्यांना वाटलं, सुरक्षावाले कळवतील."

थोरल्याने कपाळाला हात लावला. "म्हणजे इतके महिने तलाव बंद आहे तो दोघंही वाट बघतायत म्हणून?"

"आणि लेखी कुणी विचारलं नाही म्हणून," सूनबाई म्हणाली. "मास्तरांनी विचारलं ते पहिल्यांदा."

मास्तर खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. त्यांचा चेहरा उजळून निघाला. "शिडी मजबूत आहे! मी सांगत नव्हतो? ती शिडी माझ्यासमोर बसवलीय. हत्ती चढवा!"

"मी आजच बातमी देते," धाकटी म्हणाली. "उद्या छापून आली की परवा कुलूप निघेल. दोन्ही विभाग एकमेकांच्या आधी धावतील."

दफ्तरी खूश होऊन चहा सांगायला निघाला. सूनबाईला वाटलं, बस्स. इथेच मिटावं. मास्तर आनंदात उठतील, घरी जातील, तिसरी मागणी विसरतील. असं घडतं कधी कधी. माणसाला हवं ते मिळालं की बाकीच्यात रस राहत नाही.

पण मास्तर उठले नाहीत. त्यांनी फाइल मिटली आणि टेबलावर बोट आपटलं.

"आता तिसरा मुद्दा. शिडी मजबूत होती, तर ती हलते असं सांगणारा तो उपटसुंभ कोण? मला माहीत आहे कोण. पण मला त्याचा आवाज ऐकायचाय. मग मी त्या जिमवाल्याच्या दारात जाऊन भर चौकात—"

"मास्तर, जाऊ द्या ना आता," सूनबाई म्हणाली, आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. खिडकी नंबर दोनची बाई अर्जदाराला 'जाऊ द्या' म्हणत होती.

"का जाऊ द्या? रेकॉर्डिंग आहे की नाही?"

 'सापडत नाही' हे दोन शब्द सूनबाईच्या जिभेवर आले. दफ्तरी तिच्याकडे बघत होता. तिने ते गिळले.

"आहे," ती म्हणाली. "ऐकायचा तुम्हाला हक्क आहे." आणि तिने माईंकडे पाहिलं.

माईंनी पर्स टेबलावर ठेवली.

"लाव गं," त्या म्हणाल्या. "माझी हरकत नाही."

"तुझी हरकत कशाला असेल?" धाकटीने चकित होऊन विचारलं.  माई समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या. जिमवाल्याचं नाव ऐकून त्यांचा चेहरा लाल झाला होता, हे एकट्या सूनबाईला दिसलं.

दफ्तरीने बटण दाबलं.

घरघर झाली. मग एक घोगरा, नाकातला आवाज आला. "हॅलो? तक्रारीचं ऑफिस का? मी... मी एक नागरिक बोलतेय. तुमच्या तलावाची शिडी हलते."

"ही जिमवाल्याची बायको!" धाकटी कुजबुजली, म्हणजे शेजारच्या खोलीला ऐकू जाईल इतपत.

"छे, ती बारीक आवाजात बोलते," मास्तर म्हणाले. "गप्प, ऐकू दे."

"कोणती बाजू, मॅडम?" ऑपरेटरने विचारलं.

"खोल बाजू. जिथे मोठी माणसं उतरतात ना, हट्टी माणसं, तिथली. कुणीतरी पडेल हो. तुम्ही बंदच करून टाका तो तलाव. निदान सकाळी सहा ते आठ तरी."

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. सहा ते आठ ही त्यांची वेळ होती.

आणि तेवढ्यात त्या रेकॉर्डिंगच्या आतून, कुठून तरी लांबून, पण भिंती हलतील अशा आवाजात कुणीतरी गरजलं: "अगं ए! माझी पोहायची टोपी कुठंय? निळी!"

आणि त्या नाकातल्या आवाजाने रुमाल बाजूला सारून खणखणीत सुरात उत्तर दिलं: "दोरीवर वाळतेय! डोळ्यांसमोर असून दिसत नाही का?" आणि लगेच पुन्हा नाकातून, "हां, तर काय सांगत होते, शिडी फार हलते."

ऑपरेटरने आभार मानले. "ठेवू का? ठेवू ना? ठेवते हं," असं म्हणून आवाज बंद झाला.

 दफ्तरी छताकडे बघायला लागला. मास्तरांचं तोंड उघडं राहिलं होतं. गावाला घाबरवणारा आपला आवाज त्यांनी पहिल्यांदाच असा बाहेरून ऐकला होता, आणि तोही आपल्याच टोपीच्या शोधात.

आधी थोरला फुटला. त्याने तोंडावर हात दाबला, पण खांदे गदागदा हलायला लागले. मग धाकटी. टेबलावर डोकं टेकून ती हसायला लागली. "निळी!" एवढाच शब्द तिच्या तोंडून सुटत होता.

"गप्प बसा!" मास्तर ओरडले. मग बायकोकडे वळले, आणि आश्चर्य म्हणजे त्यांचा आवाज खाली आला. "तू? मी महिनाभर त्या जिमवाल्याला शिव्या देतोय, आणि फोन तू केलास? माझा तलाव तू बंद केलास?"

"हो, मी केला," माई म्हणाल्या. "जिमवाल्याकडे मी स्वतः जाईन आणि माफी मागीन. तुम्हीही मागायची. आणि माझं चुकलं, सगळ्या गावाची गैरसोय केली, ते मी या तुमच्या धाकटीच्या पेपरात नाव घालून सांगायला तयार आहे. पण आधी माझा अर्ज."

"कसला अर्ज?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

मास्तरांनी चष्मा काढला. पुसलेलाच होता, तरी पुन्हा पुसला.

"ते वैयक्तिक आहे."

"वैयक्तिक?"

"कायद्यात आहे तसं. वैयक्तिक माहिती देता येत नाही. विचार तुझ्या सुनेला."

सगळ्यांनी सूनबाईकडे पाहिलं. सूनबाई म्हणाली, "नगरपालिकेला देता येत नाही. तुम्ही नगरपालिका नाही, मास्तर."

थोरल्याचं हसू कधीच मावळलं होतं. "डॉक्टरकडे कधी गेला होतात? काय झालंय?"

दफ्तरी हळूच उठला. "मॅडम, मी बाहेर थांबतो."

"बसा हो तुम्ही," माई म्हणाल्या. "कुणी साक्षीला असू दे. नाहीतर घरी गेल्यावर पुन्हा घोडा होतील."

मास्तरांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. एवढा धिप्पाड माणूस, पण खुर्चीत कसा आकसून गेल्यासारखा दिसत होता. सूनबाईला त्यांची कीव आली आणि रागही आला. सगळ्या गावाच्या कारभाराची उत्तरं मागणारा हा माणूस घरात एका प्रश्नाला महिनोन्‌महिने चुकवत आला होता.

"एकट्याने पोहू नका म्हणाले," मास्तर शेवटी म्हणाले. "एवढंच. हृदयाला रक्त जरा कमी पोचतं. गोळ्या दिल्यात, घेतोय मी, मोज्यांच्या खणात मागे ठेवल्यात. पोहणं बंद करायची गरज नाही म्हणाले. उलट चांगलंच आहे. फक्त पाण्यात बरोबर कुणीतरी हवं. सावकाश पोहायचं, आणि एकट्याने नाही."

"एवढंच?" माई म्हणाल्या.  "एवढंच होतं? मी रोज सकाळी तुम्ही परत येईपर्यंत दारात उभी राहायचे. मला वाटायचं, डॉक्टरांनी काय सांगितलं असेल आणि काय नसेल. एवढंच होतं तर सांगितलं का नाहीत?"

"लाज वाटली," मास्तर म्हणाले. साधं, सरळ. "या गावाला मी पाण्यात सोडलं. मला सोबत लागते, हे कुणाला सांगू? उद्या तो फुलवाला माझा हात धरून मला शिडीवरून उतरवणार?"

धाकटीने डोळे पुसले. मघाच्या हसण्याचं पाणी कुठलं आणि आत्ताचं कुठलं, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. "मी येईन मास्तर सकाळी."

"तू रात्रपाळी करून झोपून उठतेस तेव्हा मी पाण्यातून बाहेर पडलेलो असतो."

"मग मी," थोरला म्हणाला. "सकाळी कुणाची लिफ्ट अडकली नाही त्या दिवशी."

"म्हणजे कधीच नाही."

सूनबाईने कागद सावरले. तिला मनातून खूप हलकं वाटत होतं, आणि म्हणूनच आवाज जरा जास्तच अधिकाऱ्याचा झाला. "मास्तर, अर्जात तुम्ही रेकॉर्डिंगची प्रतही मागितलीय. ती हवी का? नको असेल तर तसं लिहून द्यावं लागेल."

मास्तरांनी पेन उचललं. मग खाली ठेवलं. "हवी," ते म्हणाले. "कसली ओरडते ही! चाळीस वर्षांत माझ्याहून वरचा सूर लावलेला मी पहिल्यांदा ऐकला."

"प्रत द्या त्यांना," माई म्हणाल्या. "आणि मलाही एक."

दफ्तरी दोन प्रती करायला गेला. धाकटी बातमीची पहिली ओळ मोबाइलवर टिपायला लागली. थोरल्याने उठून पंख्याची करकर कुठून येते ते बघायला सुरुवात केली, कारण त्याला हात मोकळे ठेवून बसता येत नसे. टेबलापाशी मास्तर आणि माई दोघेच समोरासमोर राहिले, आणि कडेला सूनबाई, पोचपावती लिहीत.

माईंनी लग्नापासून आजपर्यंत त्या तलावात पायाचा अंगठासुद्धा बुडवला नव्हता. पाण्याची त्यांना भीती होती. मास्तरांनी सुरुवातीला एकदा विचारलं होतं, त्या नाही म्हणाल्या, आणि नंतर तो विषय कुणी काढला नाही.

"अहो," माई म्हणाल्या.

"काय?"

"उथळ बाजूला पाणी किती असतं?"

सूनबाईचं पेन थांबलं. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. मग ते उभे राहिले, टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ गेले, आणि आपला हात आडवा धरून तिच्या शेजारी मापून बघितल्यासारखं केलं.

"तू उभी राहिलीस तर इथपर्यंत. छातीच्या जरा खाली."

"आणि गार असतं?"

 दुसरं काहीतरी सांगायचा मोह मास्तरांना झाला असणार.

"असतं," ते म्हणाले. "खोटं नाही सांगत. पहिल्यांदा उतरलं की फार गार लागतं."

"आणि मग?"

"मग नाही लागत."